ओळ चार

टोचा निमेशच्या तळहातातून आरपार गेला आणि खालच्या फळीत रुतला.

थांबा.
पाच मिनिटं मागे.

वर्सोव्याच्या बंदरावर त्या सकाळी बर्फ कमी आला. यादीत नाव असेल त्याच होडीला लाद्या द्यायच्या, असं ठरलं. यादी कमळमावशीने फोनवर टाइप केलेली. तीन आठवड्यांच्या प्रोग्रामिंग क्लासच्या जोरावर दिपालीने ती लॅपटॉपवर घेतली होती. होडीचं नाव टाकलं की मशीन म्हणणार ‘द्या’ किंवा ‘नाही’. तिचा भाऊ निमेश खिडकीत बसून लाद्या सोडत होता.

कमळमावशीचा लहू आला. होडीवर सुरमई, वर ऊन.

“हिरादेवी. दहा लाद्या.”

नाही.

“परत टाक गं.”

नाही.

“यादी माझ्या आयेनं केलीय!”

“मशीन नाही म्हणतंय रे,” निमेश म्हणाला. आणि हसला.

गेल्या वर्षी हिरादेवीचं जाळं कुणीतरी कापलं, तेव्हाही तो असाच हसला होता.

लहूने खिडकीतून हात घालून त्याची मान धरली. नाक फळीवर आपटलं.

यादीत हिरादेवी. टाइप केलं ते हिरादेवी. दिसायला एकच.

परत आपटलं. दात लादीवर उडाला.

रिकामी जागा? नाही, ती असणार नाही. ओळ चार: स्ट्रिप. नावाच्या दोन्ही कडांची रिकामी जागा काढून टाकायची. पहिल्याच आठवड्यात शिकलेली. लिहिलीय. मग दुसरं काहीतरी. ओळ सात? नऊ?

“दिपे, बघ ना!” निमेशचं तोंड रक्ताने भरलेलं.

“जाळं पण तूच कापलंस! बोल!” लहूने बर्फ फोडायचा टोचा उचलला.

यादीतल्या नावाची लांबी मोज. हिरादेवी. काना-मात्रा धरून आठ.

मशीन म्हणालं, नऊ.

ओळ चार!

स्ट्रिप मूळ नावाला हात लावत नाही. साफ केलेली वेगळी प्रत देतं. ती धरून ठेवावी लागते. दिपालीने धरलीच नव्हती.

तिने ओळीच्या सुरुवातीला जोडलं, ‘नाव =’. म्हणजे साफ प्रत नावात ठेव.

द्या.

“आहे! लहूदादा, नाव आहे!”

टोचा खाली आला होता.

निमेश ओरडलासुद्धा नाही. फळीला खिळलेल्या हाताकडे बघत राहिला. लहू मागे सरकला, स्वतःच्या पंज्याकडे बघत.

कमळमावशी धावत आली. आधी मुलाच्या थोबाडीत दिली. मग दिपालीला म्हणाली, “कसली चूक झाली गं?”

“तुमच्या होडीच्या नावाआधी एक जागा रिकामी होती.”

“ती मी सोडते. ह्यांची.” लहूचा बाप हिरादेवीवरूनच गेला होता. सापडला नव्हता. “पुसलीस?”

“नाही मावशी. यादीत तशीच आहे. चूक माझ्या ओळीत होती.”

मावशीने मान हलवली. लहू टोच्याला हात घालायला वाकला.

“उपटू नको!” मावशी ओरडली. “ रक्त सुटेल. फळी खोल, फळीसकट ने. आणि तुझ्या वाट्याची पहिली लादी फोडून त्याच्या हाताभोवती बांध.”

लहूने फळी खोलली. एका बाजूने त्याने धरली, दुसऱ्या बाजूने दिपालीने. मध्ये निमेश. तिघं रिक्षाकडे निघाले, एकाच फळीला धरून.

“जाळं मी नाही कापलं,” निमेश म्हणाला.

लहूने फळी सरळ धरली.

मागे, होडीवर, सुरमई तापत होती.