बद्रीनाथाचा पाय

बसा पाव्हणं, त्या पोत्यावर टेका. सरकीचं पोतं उचलताना कंबर भरली म्हणता, अन् वडवणीत येऊन बद्रीनाथाचं पंक्चरचं दुकान इचारताव. दुकान हे काय समोरच हाय. पण जाण्याआधी त्याच्या पायाची गोष्ट तेवढी ऐका.

बद्रीनाथ आईच्या पोटातून पायानं आला. पायाळू माणसानं पाय टेकवला की उसण जाती म्हणतेत. ऊसतोडीवरून लोकं आली, की मोळ्या वाहून कुणाची पाठ धरलेली, कुणाची मान. ती दुकानापुढं पालथी पडायची. हा टायर बाजूला सारून पाय धुवायचा अन् दुखऱ्या जागी हलकेच टेकवायचा. त्यापायी कुणाचा च्यासुदिक घेतला न्हाई. ह्याच्या दुकानात टायरापरीस माणसंच जास्ती पंक्चर, असं लोकं म्हणायची. त्यालाबी ते ऐकून बरं वाटायचं.

धाकटी बहीण मंजुषा तेलगावला दिलेली. दाजी अंगद, लई हसरा माणूस. मागच्या हिवाळ्यात तो कुणाच्या तरी लग्नाच्या सुपारीहून सोयऱ्यांसंगं कारमधी येत व्हता. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी, माघं लाल दिवा न्हाई. कार जाऊन धडकली. पत्रा चेपून अंगदच्या डाव्या बरगडीत बसला. तरी सगळे आपल्या पायानं उतरले, कपडे झटकले. अंगदनं तर कार ढकलून कडंला लावली. कुणी म्हणलं, बीडला दाखवून या. रगताचा टिपूस न्हाई, दाखवू काय, म्हणून तो हसला.

दोन दिवसांनी डावा खांदा ठणकायला लागला. बरगडी न्हाई, खांदा. कार ढकलताना उसण भरली, असंच सगळ्यांनी धरलं. अन् पायाळू मेव्हणा असताना माणूस दुसरीकडं कावून जाईल? सकाळच्या एसटीनं दोघं इकडं आली.

बद्रीनाथानं बघितलं, दाजीचं तोंड पिवळं पडलेलं, थंडीचं कपाळाला घाम. त्या घामावर नजर गेलती त्याची. पण मनात पेच भलताच. बाप न्हवता म्हणून लग्नात दाजीचे पाय ह्यानंच धुतलते. ज्याचे पाय धुतले त्याच्या अंगाला आपला पाय लावायचा कसा? ह्या इचारात घाम राहिला बाजूला.

"दादा, दुनियेला पाय लावतूस," मंजुषा म्हणली, "अन् माझ्याच माणसाला कावून न्हाई?"

अंगद पालथा पडत म्हणला, "लावा मेव्हणं. धोंड्याच्या महिन्यात दोनदा पाय धुवून घेतो, फिटंल."

बद्रीनाथ आधी दाजीच्या पाया पडला, मग खांद्यावर पाय टेकवला. अंगद म्हणला, हलकं वाटतंय. खरंच वाटलं का मेव्हण्याचं मन राखलं, देव जाणं. दुपारच्या गाडीनं दोघं घरी गेली.

दिवस मावळायला अंगद हौदावर बैलाला पाणी दाखवीत व्हता. तिथंच खाली बसला, तो उठलाच न्हाई. बीडच्या वाटंवर जीपमधीच सरला.

चिरफाड झाल्यावर डॉक्टरनं सांगितलं, बरगडीखाली पानथरी, प्लीहा म्हणतेत ती, असती, ती धडकंतच चिरलेली. रगत आतल्या आत झिरपत राहिलं. तिचं दुखणं वर डाव्या खांद्याला निघतं.

"माझ्या पायानं फाटली का हो?" बीडला धावत गेलेल्या बद्रीनाथानं इचारलं.

"नाही. तुमच्या पायानं काहीच झालं नाही. सकाळी इकडं आणलं असतं तर..."

मंजुषानं भावाला एका शब्दानं बोल लावला न्हाई. भाऊबीजंला आली, ओवाळलं, पाया पडायला वाकली. ह्यानं पाय मांडीखाली ओढून घेतले. ती जराशी तशीच वाकून राहिली, मग जमिनीला हात लावून उठली.

आता कुणी कंबर धरून दिसलं, की बद्रीनाथ हातातला टायर टाकतो, शटर ओढतो अन् त्या माणसाला धरून बीडच्या एसटीत बसवितो. सोता संगं जातो. तिथं बाहेरच्या बाकड्यावर पाय वर घेऊन बसून राहतो, डॉक्टर त्याला आत बोलवून आपल्या तोंडानं साधी उसण हाय म्हणंपर्यंत. घरी येतो तवा तोंडाकडं बघवत न्हाई.

तुमची तर पोतं उचलून भरलेली हाय, शेकलं की जाईल. तवा पाव्हणं, एवढं ऐका माझं. त्याच्या दुकानापुढून जाताना कंबरंवरचा हात काढा, अन् जरा सरळ चाला.