न पाहिलेला शेवट

विद्यानगरच्या गल्लीत केबल आली आणि भगवंतरावांना घरबसल्या बायकोवर संशय घ्यायची सोय झाली.

त्र्याण्णव सालच्या एका रविवारी दुपारी जुना सिनेमा लागला. लग्नानंतर आठव्या दिवशी सगळ्या घरानं मिळून आबिड्सच्या टॉकीजमध्ये पाहिलेला, तोच. पण शेवट दोघांनीही पाहिला नव्हता. नव्या जोडप्यानं रडका शेवट बघू नये म्हणून भगवंतरावांच्या आईनं पंधरा मिनिटं आधीच सगळ्यांना उठवलं होतं. त्याला आता पस्तीस वर्षं झाली.

पडद्यावर, नकार मिळालेला नायक गाव सोडण्याआधी नायिकेच्या दाराशी आला आणि कडी वाजवू लागला.

"ही काही दार उघडायची नाही," तारामती डोळे पुसत म्हणाली.

भगवंतरावांनी कान टवकारले. "तुला काय माहीत? शेवट पाह्यलीस का तू?"

"नाही की. वाटलं आपलं."

वाटलं म्हणे! इतक्या खात्रीनं कुणाला काही वाटतं होय? नक्कीच ही पुन्हा जाऊन आली असणार. आणि कुणाबरोबर, तेही त्यांनी तेवढ्यात ठरवून टाकलं. जामबागेत हिच्या माहेराशेजारी राहणारा तो अविनाश. त्यानं हिला मागणी घातली होती आणि सासऱ्यांनी त्याला वाटेला लावलं होतं, एवढं त्यांच्या कानावर होतं. अजूनही त्याचं नाव निघालं की ही चहा टाकायला उठते. माणसानं समजायचं तरी काय?

आता सोक्षमोक्ष लागणार होता. दार बंदच राहिलं तर बाईसाहेब सापडल्या. भगवंतराव खुर्चीत पुढे सरकून बसले.

कडी वाजत राहिली. नायिका आतून दाराला कपाळ टेकवून उभी. मग कडी वाजायची थांबली. बराच वेळ गेला आणि एकाएकी तिनं दार सताड उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. त्याचा टांगा केव्हाच वळणापलीकडे गेला होता.

भगवंतरावांच्या छातीवरचा दगड उतरला. हिनं पाहिलाच नव्हता शेवट! उगाच बिचारीवर नको तो संशय घेतला, म्हणून त्यांना लाजही वाटली.

"बघ, उघडलं की नाही? चुकलीस तू," ते हसत म्हणाले.

तारामतीचं रडं थांबलं होतं. ती पडद्याकडेच बघत होती.

"हौ," ती म्हणाली. "उशिरा का होईना, हिनं तरी उघडलं."

भगवंतरावांनी पुढं काही विचारलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल, याची त्यांना आता भीती वाटत होती.