बॉनेटखालची पट्टी

"दाजी, ड्रममधलंच ओता. ऑइल ते ऑइल," म्हणत मेव्हण्याने माझ्या हातातला सीलबंद डबा काढून घेतला.

माझं डोकंच फिरलं. सासऱ्यांच्या पश्चात हा गॅरेजचा मालक झाला त्याला जेमतेम सहा महिने. मी इथे बावीस वर्षं हात काळे करतोय. आणि हा उंटावरून शेळ्या हाकणारा मला ऑइल शिकवणार.

"ह्या गाडीला पातळच लागतं, फाइव्ह-थर्टी. गाडीच्या पुस्तकात छापलंय," मी म्हणालो. "तुझं ट्वेंटी-फिफ्टी जाड आहे. सकाळी थंड इंजिनात ते वर चढेपर्यंत लोखंडावर लोखंड घासणार."

"गिऱ्हाईक काय इंजिनात डोकावतंय?"

गिऱ्हाईक म्हणजे नर्सबाई. बाहेर बाकावर बसल्या होत्या. पहाटेच्या ड्यूटीला रोज हीच गाडी. त्या कधी काही विचारत नाहीत. ऑइल बदललं की मी बॉनेटच्या आत कागदाची पट्टी चिकटवतो, ग्रेड आणि तारीख माझ्या हाताने लिहून. ती वाचतात आणि जातात.

मेव्हण्याने ड्रममधलं ऑइल स्वतःच ओतलं. मग कोरी पट्टी माझ्यापुढे धरली.

"हं, फाइव्ह-थर्टी लिहा. तुमचं अक्षर दिसलं की बाई गप."

शिवी दिली असती तर गिळली असती. हे नाही गिळवलं.

"नाही लिहिणार."

"मग उद्यापासून येऊ नका. ताईला काय सांगायचं ते मी सांगतो."

"तिला मी सांगेन. तू तुझं थोबाड घेऊन माझ्या दारात येऊ नकोस."

बाहेर जाऊन मी बाईंना सगळं सांगितलं. "चुकीचं ऑइल ओतलंय. दुसरीकडे जाऊन आधी काढून टाका." आतून मेव्हणा बोंबलत होता. बोंबलू दे.

अंगणात आणखी तीन गाड्या त्याच ड्रमची वाट बघत उभ्या होत्या. एकेकीचं बॉनेट उघडून मी माझ्या मागच्या खेपेच्या पट्ट्या नखाने खरवडून काढल्या. त्याचं ऑइल माझ्या अक्षराखाली नको. शेवटी बाईंच्या गाडीतली जुनी पट्टी सोलली.

"ती मला द्या," बाई म्हणाल्या. "नव्या माणसाला दाखवायला लागेल ना."

दिली. हाताला डिंक आणि काळं लागलं होतं. पुसायला फडकं शोधलं, तर ते आत माझ्या खिळ्यावरच राहिलं होतं.