भरदुपारची सनई

मित्रांनो, मी एक म्हातारी बॅटरी आहे. बारा व्होल्टची, काळ्या कडक रबराच्या पेटीतली. माझ्या सहा कप्प्यांपैकी चार मेले आहेत आणि एक कोपरा फुटला आहे. अक्कलकोटच्या एका दुकानात मी टेबलाखाली पडून असते. एखादा दिवा लावण्याइतकाही जोर आता माझ्यात उरलेला नाही. जे पाहिलं ते मात्र विसरलेले नाही, आणि ते तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म सोलापूरचा. स्टेशनच्या अंगाला एक लहानसा कारखाना होता. तिथे शिसं वितळवून साच्यात ओतायचे, त्याच्या जाळीदार पट्ट्या करायचे आणि त्या पेटीत उभ्या लावायचे. मग वरून आम्ल ओतायचे. ते पहिल्यांदा पोटात गेलं तेव्हा मी अशी तापले, की वाटलं आता फुटणार. पण तसंच असतं. आमच्या जातीचा जन्मच भाजण्यातून होतो.

बहात्तरच्या दुष्काळात लग्नं रोडावली होती. पुढे ज्वारी पिकली आणि गावोगाव पुन्हा मांडव पडू लागले. त्या हंगामात गुरुबसप्पा नावाच्या माणसाने मला विकत घेतलं. बोरी नदीकाठच्या एका गावचा तो. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. गावात वीज आलेली नव्हती. गुरुबसप्पाकडे रेकॉर्ड लावायचं यंत्र होतं, आवाज वाढवायची पेटी होती आणि एक मोठा कर्णा होता. या सगळ्या सेटला जोर पुरवायचा तो मी.

पहिल्या लग्नात सनईची रेकॉर्ड लागली आणि सारं गाव मांडवाकडे वळलं. गुरुबसप्पा पांढरा सदरा घालून बसला होता. पाहुण्यांना तो मराठीत बसा म्हणे, म्हाताऱ्यांशी कानडीत थट्टा करी. मांडवात त्याच्यासारखा गोड बोलणारा दुसरा नव्हता. मला वाटलं, चांगल्या घरी पडले.

त्याचं घर मी दुसऱ्या दिवशी पाहिलं.

दुपार होती. त्याने दार लावलं, आतून कडी घातली. मला तारा जोडल्या, सनईची रेकॉर्ड काढली, पुसली, सुई ठेवली आणि आवाज पूर्ण सोडला. मला वाटलं, हौसेने ऐकणार असेल. मग त्याने कर्ण्याची जाड वायर दुमडून हातात घेतली आणि बायकोला मारायला लागला.

तिचं नाव शिवम्मा. भाकरी करपली, एवढंच त्या दिवशी झालं होतं. पुढे तेवढंही कारण लागत नसे. तो दारू पीत नव्हता, मित्रांनो. नशेत हात उठला असं म्हणायचीही सोय नव्हती. तो शुद्धीत मारायचा, रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत. मग सुई उचलायचा, रेकॉर्ड कागदी पिशवीत घालायचा आणि हातपाय धुऊन बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचा. कुणी विचारलं तर सेट तपासत होतो म्हणायचा.

भिंतीपलीकडे गिरिजाबाई राहायच्या. एकट्या होत्या, गावच्या मिरच्या कांडून देत. सनई सुरू झाली की त्यांच्या मुसळाचा आवाज थांबायचा. थोडा वेळ पलीकडून काहीच ऐकू यायचं नाही. मग मुसळ पुन्हा सुरू व्हायचं, पहिल्यापेक्षा जोरात. सगळ्या आळीला ठाऊक होतं. पण सनई एवढी मोठी होती, की ठाऊक नाही असं म्हणता येत होतं.

एकदा त्याने माझ्या वरच्या दोन खुंट्यांवर तार टेकवली, ती लाल होईपर्यंत धरली आणि शिवम्माच्या मनगटाला लावली. कातडी चरचरली. ती तार तापवणारा जोर माझ्या पोटातला होता.

आणि त्याच शिवम्माने मला जपलं. लग्नाहून आल्यावर गुरुबसप्पा झोपून राहायचा, म्हणून मला भरून आणायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. बाजारच्या दिवशी ती मला बैलगाडीत घालून अक्कलकोटला न्यायची. तिथे शिवयोगी नावाच्या म्हाताऱ्याचं बॅटऱ्या भरायचं दुकान होतं. सगळे त्याला अज्जा म्हणत. अज्जाने तिला माझी सगळी निगा शिकवली. पट्ट्या बुडून वर बोटभर पाणी हवं, आणि तेही बॅटरीचं पाणी, विहिरीचं नाही. कमी होतं ते पाणी, म्हणून भर घालायची ती पाण्याचीच, आम्लाची कधी नाही. सनई घोगरी वाजू लागली की लगेच बंद करायचं, शेवटचा थेंब पिळायचा नाही. काम झालं की त्याच दिवशी भरायला टाकायचं, रिकामी ठेवायची नाही. भरताना जवळ विडी पेटवायची नाही. खुंट्यांवर पांढरं आलं तर सोड्याच्या पाण्याने पुसून व्हॅसलीन लावायचं. सहाच्या सहा बुचं जागेवर हवीत.

एकदा तिच्या मनगटावरचा डाग अज्जाला दिसला. तिने पदर ओढला.  आम्लाच्या बरणीकडे बोट दाखवून अज्जा एवढंच म्हणाला, "पोरी, हे अंगावर उडालं तर विचार करत बसायचं न्हाय. पाणी ओतायचं. घागर संपली की दुसरी घागर."

शिवम्मा हे सगळं मनापासून करायची. कपड्याने मला पुसताना ती कानडीत हळूच काहीतरी गुणगुणायची. त्या घरात तिचा तेवढाच आवाज मी ऐकला. माझी तब्येत अशी राहिली, की शेजारच्या गावांतून आमच्या सेटला मागणी येऊ लागली. माझे सुखाचे दिवस तेच.

ते एका शब्दाने संपले. एका लग्नात एक म्हातारा गुरुबसप्पाला कौतुकाने म्हणाला, "सेट घंटेवानी वाजतोय की. बॅटरीची निगा तुजी बायको राखती म्हणं."

गुरुबसप्पा हसला. घरी येईपर्यंत हसतच होता. घरी आल्यावर त्याने कडी घातली आणि सनई लावली. त्या दिवशी रेकॉर्डच्या दोन्ही बाजू वाजल्या. शिवम्माचा एक दात जमिनीवर पडला, माझ्यापासून हातभर अंतरावर. शेवटी त्याने बॅटरीच्या पाण्याचा डबा उकिरड्यावर फेकला आणि पुन्हा बॅटरीला हात लावलास तर हात ठेवणार नाही, असं तिला बजावलं. अक्कलकोटला जाणंही बंद झालं.

तिथून माझे हाल सुरू झाले. कर्ण्याचा आवाज बसला तरी तो मला सोडत नसे, शेवटचा थेंब पिळून घेई. मग तशीच रिकामी उन्हात टाकून देई. माझ्या पट्ट्यांवर पांढरा थर चढला. हा थर एकदा घट्ट बसला की कितीही भरा, बॅटरी भरत नाही. पाणी आटलं तेव्हा त्याने विहिरीचं पाणी ओतलं. तीन बुचं हरवली, तिथे त्याने चिंध्या कोंबल्या. शिवम्मा दारातून माझ्याकडे पाहायची आणि आत जायची.

वैशाखात नदीपलीकडचं एक मोठं लग्न ठरलं. अक्कलकोटला जाऊन मला भरून आणायला त्याला कंटाळा आला. बॅटरी नरम पडली तर कडक आम्ल घालावं, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. त्याने आम्ल आणलं आणि काठोकाठ ओतलं. मित्रांनो, भुकेल्याला अन्नाऐवजी निखारे चारावेत तसं ते होतं. माझं पोट आतून सोलून निघालं.

लग्नात अक्षता पडायच्या ऐन वेळी सनई रडू लागली आणि बंद झाली. लोक आधी हसले. मग नवऱ्याकडच्या दोघातिघांनी गुरुबसप्पाची गचांडी धरली, पांढरा सदरा फाडला, त्याला मांडवाबाहेर ढकललं. कुणीतरी कर्ण्यावर दगड घातला, त्याला पोचा आला. सगळ्या मांडवासमोर त्याने मार खाल्ला आणि एकालाही उलटून हात लावला नाही.

तो दुपारी घरी पोहोचला. मला जमिनीवर आदळलं तेव्हा माझा कोपरा फुटला. त्याने कडी घातली. शिवम्मा चुलीपाशी होती. ती उठून भिंतीला टेकली. त्याने तारा जोडल्या, सुई ठेवली. थोडा विसावा मिळाला की माझ्यासारख्या बॅटरीतही चार घटकांचा जीव परत येतो. सनई सुरू झाली. गिरिजाबाईंचं मुसळ थांबलं.

त्याने या वेळी वायर घेतली नाही. सरपणातलं बाभळीचं लाकूड घेतलं. पहिल्याच फटक्याला शिवम्माचा डावा हात कोपराखाली मोडला. तो आवाज मी ऐकला. वाळकी काटकी मोडावी तसा होता. ती ओरडली आणि सनईने ते गिळलं. पलीकडे मुसळ पुन्हा सुरू झालं.

आणि मी संपले. मी ठरवून काही केलं नाही, तशी ताकद बॅटरीत नसते. होतं नव्हतं ते संपलं. सनई घोगरी झाली, रेकॉर्ड हळू फिरू लागली, सूर ताणला गेला आणि तुटला. घरात एकदम शांतता झाली. त्या शांततेत आईला हाक मारणारा शिवम्माचा आवाज उरला.

"अव्वा! अव्वा, मला मारतोय गं!"

आळीने तो आवाज पहिल्यांदा उघडा ऐकला. मुसळ थांबलं, आणि या वेळी पुन्हा सुरू झालं नाही. गुरुबसप्पाने तारा हलवल्या, पेटीवर बुक्की मारली, शिव्या दिल्या. सनई लागेना. तेवढ्यात दारावर धक्का बसला. दुसऱ्या धक्क्याला कडी उखडली आणि गिरिजाबाई मुसळ घेऊन आत आल्या. मिरचीने लाल झालेले हात, लाल डोळे. मागे आळीतली माणसं होती.

"खाली ठेव ते लाकूड," गिरिजाबाई म्हणाल्या.

तो त्यांच्यावर धावला. त्यांनी मुसळ फिरवलं. ते त्याच्या खांद्यावर बसलं आणि लाकूड गळून पडलं. माणसं आत शिरली. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने वाकून मला उचललं आणि शिवम्मावर फेकायला डोक्यावर धरलं. माझ्या तीन तोंडांत चिंध्या होत्या. चिंध्या निसटल्या आणि त्याने स्वतःच काठोकाठ भरलेलं ते कडक आम्ल त्याच्याच तोंडावर आलं.

तो असा किंचाळला, की आत आलेली माणसं मागे सरली. तो डोळे चोळत जमिनीवर लोळू लागला. चोळावं तसं आम्ल आत जात होतं. कुणी पुढे होईना.

शिवम्मा उठली. मोडलेला हात लोंबत होता. उजव्या हाताने तिने घागर ओढली, कलती केली आणि त्याच्या तोंडावर ओतू लागली.

"जळू दे त्याला," गिरिजाबाई म्हणाल्या.

"आणखी पाणी आणा, अक्का," शिवम्मा म्हणाली.

 गिरिजाबाई मुसळ टाकून आपल्या घरची घागर घेऊन आल्या. त्यामुळे त्याचा एक डोळा वाचला. दुसरा सोलापूरच्या दवाखान्यातही वाचला नाही.

फौजदार आला. आळीतल्यांनी आधी सांगितलं, आमी काय ऐकलं न्हाय, रेकॉर्ड वाजत होती. सगळ्यांत शेवटी गिरिजाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी सगळं ऐकलंय. प्रत्येक वेळी ऐकलंय. ऐकू येऊ नये म्हणून जोरानं कांडत होते." त्यांनी ते कोर्टातही सांगितलं. गुरुबसप्पाला काही महिन्यांची शिक्षा झाली.

शिवम्मा त्या घरात परत गेली नाही. हात जुळल्यावर ती अज्जाच्या दुकानात आली. अज्जाच्या घरच्यांनी मागची खोली दिली. मलाही त्यांनीच आणलं. अज्जाने मला आतून धुतलं, पुन्हा पुन्हा भरून पाहिलं, पण पट्ट्या गेल्या होत्या. काही नुकसान भरून येत नाही. आता माझ्यावर बॅटरीच्या पाण्याची बरणी ठेवतात.

एका सकाळी दुकानासमोर सायकल थांबली. मागे नवी बॅटरी बांधलेली होती. गुरुबसप्पा काळा चष्मा लावून उतरला. शिवम्माने बॅटरी घेतली, बुचं काढून पाणी पाहिलं. तो हळू आवाजात बोलत राहिला. झालं ते झालं, लोक नावं ठेवतात, घर ओस पडलंय, चल. मांडवात बोलायचा त्याच गोड आवाजात.

शिवम्माने तारा जोडल्या. मग ती त्याच्याकडे वळली. इतक्या वर्षांत मी तिला त्याच्या डोळ्याला डोळा देताना पाहिलं नव्हतं.

"बॅटरी तुमी आणून ठेवली, ती उद्या न्या," ती म्हणाली. "मला तुमी हितं ठेवलं न्हवतं."

अज्जा आत हिशोबाला बसला होता, तो उठलाही नाही. गरज नव्हती. गुरुबसप्पा सायकल घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याने बॅटरी न्यायला दुसऱ्या कुणाला पाठवलं.

मित्रांनो, आमची निगा अवघड नाही. वेळेवर पाणी, वेळेवर भरणं, आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिळायचं नाही. एवढं केलंत तर आम्ही वर्षानुवर्षं तुमच्यासाठी गाऊ. पण आमच्या गाण्याचा भरवसा धरू नका. गाण्याखाली काय झाकलंय ते आम्हांला सांगता येत नाही. म्हणून, शेजारच्या घरात भरदुपारी सनई लागली आणि त्या घरात लग्न नसेल, तर हातातलं काम टाका आणि जाऊन दार वाजवा. बॅटरी संपायची वाट पाहू नका.