चालवत कोण होतं

निवृत्त झाल्यावर साहेबांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कॅराव्हॅन घेतली. साहेब हे त्यांना ऑफिसात पडलेलं नाव. निवृत्तीच्या दिवशी बाकी सगळं टेबलावर ठेवून ते फक्त हे नाव घेऊन घरी आले, आणि बिल्डिंगमध्येही तेच चालू झालं. कॅराव्हॅन जुनी होती पण ठाकठीक होती. आत दोन बाक, ते उघडले की पलंग, कोपऱ्यात शेगडी आणि हात धुण्यापुरतं बेसिन. गाडीच्या मागे जोडायची आणि वाटेल तिथे संसार मांडायचा, असं ते भेटेल त्याला सांगत होते. बायकोला तेवढं विचारायचं राहून गेलं. तिला सगळे काकू म्हणत.

अडचण निघाली लायसन्सची. एवढं वजन मागे ओढायचं तर साधं लायसन्स चालत नाही, वेगळी परीक्षा द्यावी लागते, असं विमावाल्याने सांगितलं. साहेबांचं डोकंच फिरलं. उभा जन्म गाडी चालवलेल्या माणसाने आता शिकाऊ पोरांच्या रांगेत उभं राहायचं? दोन दिवस धुसफुसून त्यांनी तोडगा काढला. वर्गाला काकूंनी जायचं आणि परीक्षाही त्यांनीच द्यायची. घरात एक लायसन्स असलं म्हणजे झालं, मग चालवतंय कोण हे बघायला कोण येतंय, असा त्यांचा हिशेब.

काकू नाइलाजाने गेल्या. वर्ग एका बंद कारखान्याच्या पटांगणात भरायचा. शिकवणारी बाई पूर्वी मोठे ट्रेलर चालवायची, आवाज खणखणीत, सगळे तिला मॅडम म्हणत. जड सामान खाली आणि चाकांच्या वर ठेवायचं, मागच्या टोकाला कधीच नाही. हूकवर किती भार येतो तो निघण्याआधी तोलून बघायचा. साखळी, दिव्यांची वायर, टायरची हवा, बाजूचे लांब आरसे दर खेपेला तपासायचे. चालत्या कॅराव्हॅनमध्ये कुणी बसायचं नाही. आणि एक गोष्ट मॅडम रोज घोकून घ्यायची. कॅराव्हॅन मागे डुलायला लागली तर ब्रेक मारायचा नाही आणि स्टिअरिंगशी झोंबायचं नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा.

आधी काकूंना रिव्हर्स जमेना. कॅराव्हॅन डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, हे डोक्यात शिरत होतं पण हातात उतरत नव्हतं. मग एक दिवस ते उतरलं. रंगवलेल्या पिंपांच्या मधून त्यांनी सगळं धूड एका झटक्यात मागे घेतलं आणि आतल्या आत त्यांना इतका आनंद झाला की घरी येऊन त्यांनी तो साहेबांना सांगितला. साहेब पेपर वाचत होते. परीक्षा कधी आहे, एवढंच त्यांनी विचारलं.

काकू पहिल्या खेपेला पास झाल्या. मॅडमने सगळ्या वर्गासमोर त्यांची पाठ थोपटली.

पहिला प्रवास एका तळ्यापर्यंतचा ठरला. सामान आदल्या दिवशी काकूंनी लावलं होतं. निघायच्या सकाळी बघतात तर पाण्याचे भरलेले कॅन, जादा बॅटरी आणि लोखंडी घडीचं टेबल साहेबांनी उचलून मागच्या टोकाला नेलं होतं, मधे पाय पसरायला जागा हवी म्हणून. हे बरोबर नाही, असं काकू म्हणाल्या. तुझ्या मॅडमला नेऊन दाखव, असं साहेब म्हणाले. यावरून सकाळी सकाळी वाजायला नको म्हणून काकूंनी विषय सोडला, आणि गावात पोलीस अडवतात म्हणून तिथवर त्यांनीच चालवायचं ठरलं होतं तशा स्टिअरिंगवर बसल्या. गाव सुटेपर्यंत त्यांनी अगदी बेताने चालवलं. मागचं धूड थोडं हलतंय हे त्यांना जाणवत होतं, पण त्या वेग वाढू देत नव्हत्या.

पेट्रोल पंपावर थांबले तेव्हा पंपावरचा माणूस हसत साहेबांना म्हणाला, की वा, तुम्ही आरामात बसून आणि बाई ओढतायत. त्याने चेष्टेनेच म्हटलं, पण साहेबांचा चेहरा उतरला. काकू हात धुऊन आल्या तोवर साहेब चालकाच्या जागेवर बसले होते.

"अहो, तुमच्याकडे लायसन्स नाही," काकू म्हणाल्या.

"तुझ्याकडे आहे ना? तू शेजारी बस."

पुढे लांब उतार होता. साहेबांनी वेग घेतला. एक ट्रक बाजूने सुसाट गेला, त्याच्या वाऱ्याने कॅराव्हॅन हलली, परत हलली आणि मग घड्याळाच्या लंबकासारखी डावी-उजवीकडे जाऊ लागली. काकूंना आरशात ती एकदा या बाजूला दिसे, एकदा त्या बाजूला. पाय काढा, ब्रेक नको, असं त्या सांगत होत्या. साहेबांनी ब्रेकवर अख्खा भार टाकला. कॅराव्हॅनने मागून गाडीला ढकललं, वळवलं आणि स्वतः आडवी झाली. मागून स्कूटरवर पार्सल पोचवणारी एक बाई येत होती. तिने चुकवायचा प्रयत्न केला, पण ती फुटलेल्या पत्र्यावर आदळली आणि तिच्या पायाचा चुरा झाला.

काकू धावत तिच्याकडे गेल्या, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. लोक जमले, कुणीतरी अँब्युलन्स बोलावली. साहेब आले ते सरळ काकूंच्या कानाशी वाकले.

"तू चालवत होतीस," ते म्हणाले. "ऐकतेयस ना? लायसन्स तुझं आहे. माझं नाव आलं तर विमा हात वर करेल. आपण दोघंही बुडू. तुला काही होणार नाही."

पोलीस आला तेव्हा त्याने पहिलाच प्रश्न तो विचारला. चालवत कोण होतं? काकूंच्या साडीला त्या बाईचं रक्त लागलं होतं. साहेब पलीकडे उभे राहून चष्म्याच्या काचा पुसत होते. इतकी वर्षं ते बोट ठेवतील तिथे काकू सही करत आल्या होत्या, तसंच तोंडातून निघून गेलं.

"मी."

निष्काळजीपणाचा ठपका काकूंवर आला आणि लायसन्स जप्त झालं. साहेबांनी कोर्टात त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो लोकांना दिसेल असा. बाजारात एकदा मॅडम भेटली. तिने आवाज चढवला नाही, तेच काकूंना जड गेलं. सामान मागे होतं ना, असं तिने विचारलं. काकूंनी मान हलवली. मग तिने विचारलं, की ब्रेक दाबलात? काकूंना हो म्हणवेना आणि नाही म्हणायची सोय नव्हती. मॅडमने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. नंतर कळलं, की नव्या वर्गांना ती काकूंचं उदाहरण सांगते. नाव घेत नाही, एवढंच.

साहेब मात्र नाव घेऊन सांगत. सुरुवातीला फक्त, झालं तिच्या हातून, एवढंच म्हणायचे. मग गोष्ट वाढत गेली. मी ओरडत होतो ब्रेक नको, पण बायका घाबरतात, असं ते जिन्यात शेजाऱ्यांना सांगताना काकूंनी दाराआडून ऐकलं. आवाजात लबाडी नव्हती, हेच भयंकर होतं. त्यांना आता ते तसंच आठवत होतं.

शेवटी काकू त्या पार्सलवाल्या बाईच्या घरी गेल्या. खरं सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो, असं ठरवून गेल्या. बाई कॉटवर बसली होती, पायात सळ्या, शेजारी कुबड्या. तिने काकूंना खुर्ची दिली. अजून एक ऑपरेशन व्हायचंय, ती म्हणाली, विमा आहे म्हणून होतंय. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसतं तर विमावाल्यांनी एक दमडी दिली नसती, असं वकील म्हणाला. मग तीच काकूंची समजूत घालू लागली. तुम्ही नवीन होतात, मुद्दाम थोडंच केलंत, असं म्हणाली. काकू तिथे चहा प्यायल्या आणि ठरवलेलं न सांगताच उठल्या. आता ते खोटं त्यांच्या एकटीचं राहिलं नव्हतं, त्याच्यावर एका बाईचा पाय उभा राहायचा होता.

पण कुणा एकाला तरी सांगायला हवं होतं. मुलगी माहेरी आली तेव्हा काकूंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं. पंपावरचा माणूस, उतार, कानातलं ते बोलणं. मुलगी भांडी पुसता पुसता थांबली. तिने आईचा हात धरला, तेव्हा काकूंना क्षणभर वाटलं, की सुटले.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा म्हणालेच होते, तू आता असं काहीतरी बोलायला लागशील म्हणून. त्यांना तुझी काळजी वाटते गं. आपण एखाद्या डॉक्टरांना भेटूया का?"

काकूंनी हात सोडवून घेतला आणि गॅस बारीक केला.

त्या दिवसापासून त्या साहेबांच्या गाडीत बसत नाहीत. मुलीकडे जायचं असेल तर साहेब गाडी घेऊन पुढे जातात आणि काकू बसच्या रांगेत उभ्या राहतात. पहिल्यांदा साहेबांनी समजूत घातली, मग चिडले, मग म्हणाले की जावई काय म्हणेल, लोक काय म्हणतील.

"तुम्ही सांगा त्यांना," काकू पिशवी खांद्याला अडकवत म्हणाल्या. "तुम्हाला चांगलं सांगता येतं."

बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली नाही, त्या दांडा धरून उभ्या राहिल्या.