नावाड्याची शेवटची ओळ

टॅगर्ट्स क्रीकच्या खोऱ्यात नावाड्याची धून कुणी पुरी करत नाही. पुरात अडकलेली माणसं आणायला एझ्रा नावाडी धुक्यात शिरला, तेव्हा बायकोला म्हणाला होता, "मी येईपर्यंत फिडल वाजव, म्हणजे मला काठ सापडेल." तो अजून यायचाय. म्हणून इथला फिडलवाला (व्हायोलिनलाच इथं फिडल म्हणतात) शेवटच्या ओळीपाशी आला की गज उचलतो आणि पुन्हा पहिल्यापासून धरतो. ओळ संपवली म्हणजे वाट बघणं सोडलं.

थर्मन गिली ही धून रोज ओसरीत वाजवायचा. काही वर्षांपूर्वी खाणीचं छत कोसळलं त्यात त्याचा मुलगा वेंडेल गेला. गेला असं आपण म्हणायचं. प्रेत वर आलंच नाही, कंपनीनं खाणीचं तोंड बुजवून टाकलं आणि हात झटकले. चर्चच्या आवारात वेंडेलच्या नावाचा दगड बसवू या, असं मुलगी आर्डिथ एकदा बोलून गेली, तर बाप हिवाळाभर तिच्याशी बोलला नाही.

आणि आता जिल्ह्याच्या ऑर्केस्ट्राचे प्रुइट मास्तर याच धुनेवर मोठी रचना बांधून बसले होते. आर्डिथ त्यांच्याकडे व्हायोलिन वाजवायची.

"मास्तर, शेवटची ओळ तेवढी नको," ती तालमीत म्हणाली.

"अगं, एवढा वाद्यमेळ मधेच कसा थांबवू? लोक म्हणतील, यांचा कागद हरवला!"

सगळे हसले. आर्डिथनं मात्र व्हायोलिन पेटीत ठेवलं. बापानं कार्यक्रमाला यायला कोट झटकून तयार ठेवला होता, आणि त्याला हे सांगायचा तिला धीर झाला नाही.

रविवारी दुपारी शाळेचा हॉल गच्च भरला. ढोलांनी पूर आणला, बासऱ्यांनी धुकं पसरलं, मग सगळ्या व्हायोलिनांनी धून उचलली. शेवटची ओळ आली तशी आर्डिथनं गज मांडीवर ठेवला. तिच्या चहूबाजूंनी ती ओळ पुरी झाली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. थर्मन बसून होता.

बाहेर गाडीपाशी तीच आधी बोलली. "बाबा, मी नाही वाजवली ती ओळ. देवाशपथ."

"बघितलं मी. तुझ्याच हाताकडे बघत होतो."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाजवायची होतीस, पोरी." तो कोटाचं बटण लावू लागला. "बाकीच्यांनी संपवली तरी काय, ते परके. मला वाटलं, घरातलं कुणीतरी एकदाचं संपवेल. बाप आहे गं मी, वाट बघणं मी कसं सोडू? पण थकलो आता."

आर्डिथला हुंदका आवरेना. इतकी वर्षं ती बापाची आशा जपत होती, आणि त्याला त्या आशेचंच ओझं झालं होतं. तिनं पेटी उघडली, व्हायोलिन खांद्याला लावलं आणि तिथंच, गाड्यांच्या गर्दीत, शेवटची ओळ वाजवली. शेवटच्या सुरापर्यंत पुरी वाजवली.

थर्मननं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. खाणीतून कुणाचं प्रेत वर आणलं की इथली माणसं अशीच धरतात.