पेवातली हवा

सांगलीच्या कॉलेजात रसायन शिकवणारे नानासो घाडगे मूळचे वडूजकडचे. आयुष्यात त्यांनी एकाच गोष्टीचा ध्यास घेतला, ती म्हणजे हरिपूरच्या पेवातली हवा. आता पेव म्हणजे काय हे सांगलीच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरचे असतात म्हणून सांगतो. नदीकाठच्या चिवट मातीत माणूस दोरानं उतरेल एवढा खोल खड्डा घेतात, त्यात हळद ओततात आणि अरुंद तोंडावर फरशी ठेवून वर माती लिंपतात. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही. कीड जगत नाही तिथं माणूस तरी कसा जगेल? घाईनं उतरलेला माणूस वर यायचा तो दोरानं ओढूनच.

ही हवा नेमकी कशी बनते, किती दिवसांत मारक होते, आणि धान्यही असंच टिकवता येईल का, एवढं नानासोंना शोधायचं होतं. त्यासाठी दिल्लीच्या संशोधन मंडळाकडे त्यांनी अनुदानाचा अर्ज केला. नामंजूर. दुसऱ्या वर्षी पुन्हा केला. पुन्हा नामंजूर, आणि कारण विचारायची सोय नाही. तिसरा अर्ज गेला सेहेचाळीस साली. तेव्हा प्राचार्यांनी शांतपणे सांगून ठेवलं होतं, की यंदा अनुदान आलं नाही तर प्रयोगाची खोली रेशनच्या धान्याला देतो. तो माणूस वाईट नव्हता. पोती ठेवायला जागा नव्हती, हे नानासोंनाही दिसत होतं.

आणि काय नवल, यंदा दिल्लीहून तपासनीस येणार असं कळलं! डॉक्टर बोंद्रे नावाचे. नानासोंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. तडक हरिपूर गाठून त्यांनी आकारामला गाठलं. आकारामची पेवं बापजाद्यांपासूनची. एक अर्धं भरलेलं पेव दोन पावसाळे बंद होतं. ते डॉक्टर येईपर्यंत उघडायचं नाही, असं नानासोंनी त्याला दोनदा बजावलं. आकारामनं मान डोलावली.

डॉक्टर आले ते घड्याळ बघतच. संध्याकाळची गाडी धरायची होती. नानासोंनी नळी, बाटल्या, कंदील असं सगळं मांडून ठेवलं होतं. आधी नळीनं हवा काढू, मग कंदील सोडून विझतो का बघू, असा त्यांचा बेत. आकारामनं पाहुण्याच्या हातून नारळ फोडवला, माती खरवडली, फरशी सरकवली. डॉक्टर म्हणाले, नळ्याबिळ्यांना वेळ नाही, कोळशाच्या खाणीत मी याहून खोल उतरलो आहे. कोट काढून त्यांनी दोर कमरेला बांधलासुद्धा. नानासोंनी हात जोडले, दंड धरला, शेवटी आवाजही चढवला. डॉक्टरांनी हात सोडवून घेतला आणि उतरले.

नानासो काठावर गुडघे टेकून बसले. आता दोर सैल पडेल, मग ताणेल, मग ओढा ओढा होईल. तसं काहीच झालं नाही. थोड्या वेळानं डॉक्टर दोराला धरून वर आले, मुठीत हळकुंडं घेऊन. धाप सोडली तर ठणठणीत.

"घाडगे, मी जिवंत आहे," ते म्हणाले आणि रुमालानं हात पुसू लागले.

नानासोंनी आकारामकडं बघितलं. आकारामच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"आवं मास्तर, पाव्हणा येणार म्हणून कालच सकाळी उघडलं हुतं," तो म्हणाला. "दिसभर घोंगडं वर-खाली हलवून वारा घातला, कंदील सोडून बघितला. मग पुन्यांदा लिंपलं, नारळाचा मान पाव्हण्याचा म्हणून. थोरला भाऊ माझा ह्यातच गेला. तुमच्या पाव्हण्याला कसा उतरू दीन?"

आता याच्यावर कुणी रागवायचं कसं? तरी नानासो रागावले, मनातल्या मनात. क्षणभर त्यांना वाटलं, यानं माझं ऐकलं असतं तर! आणि लगेच ध्यानात आलं की ऐकलं असतं तर काय झालं असतं. स्वतःचीच लाज वाटली.

टांग्यात त्यांनी सगळा प्रकार डॉक्टरांना सांगितला. डॉक्टर हसले. कुचेष्टेनं हसले नाहीत, सवयीनं हसले. मंडळाकडे शंभर अर्ज येतात, त्यातले दहा मंजूर होतात, म्हणाले. "उरलेल्या नव्वदांचं असंच असतं हो. आदल्या दिवशी कुणीतरी झाकण उघडलेलं असतं."

महिन्याभरात उत्तर आलं. हवा मारक असल्याचा दावा निराधार आहे. तपासनीस स्वतः आत उतरून सुखरूप परत आले आहेत. त्याच आठवड्यात खोलीत ज्वारीची पोती लागली.

नानासो आपल्या बाटल्या आणायला हरिपूरला गेले. आकारामनं विचारलं तेव्हा त्यांनी लपवलं नाही. झालं ते सरळ सांगितलं, फक्त बोल लावला नाही. आकाराम पेवाच्या तोंडाशी उकिडवा बसला.

"म्हंजी दिल्लीवाल्यास्नी डोळ्यांनी दिसाय पायजे," तो म्हणाला.

"तसंच काहीसं."

"मग पुढल्या साली न्हाई उघडत. बोलवा त्यास्नी. पर पाव्हण्याला नको उतरवायला, मास्तर. म्या उतरतो."

तो थट्टा करत नव्हता. डोक्याचा पटका सोडून पुन्हा बांधत होता आणि कोणत्या महिन्यात बोलावणार, हे विचारत होता. नानासोंनी बाटल्या पिशवीत भरल्या आणि बघू म्हणाले.

पुढल्या साली त्यांनी अर्ज केला नाही.